मैदानात मागच्या सीटवर बसू नका

मुलगा किंवा मुलगी बावीस-तेवीसची झाली, नवी मुंबईत महापे-ऐरोलीकडे नोकरी लागली आणि आता बाइक शिकायची आहे. घरात चालवणारं कोणीतरी असतंच, त्यामुळे शिकवणी घरच्या घरी होणार हे ठरलेलं. पहिली चूक पहिल्या पाच मिनिटांत होते: बाबा मागे बसतात. नवख्या हातात ११२ किलोची स्प्लेंडर आणि मागे ऐंशी किलोचे बाबा. क्लच सोडताना झटका बसला की मागचा माणूस खांदा धरतो, खांदा धरला की हँडल हलतं. पोरीला वाटतं बाइक असतेच अशी डगमगती.

मोकळ्या जागेत गाडीवर फक्त शिकणाऱ्याने बसायचं. शिकवणाऱ्याने डाव्या बाजूला, दहा-बारा पावलं लांब उभं राहायचं. तिथून क्लचचा हात आणि गिअरचा पाय दोन्ही दिसतात. गाडीच्या समोर उभं राहू नका. सायकल शिकवताना कॅरिअर धरून मागे पळायचो, तसं इथे चालत नाही. ॲक्सिलरेटर चुकून पिळला गेला तर गाडी हातातून निसटते आणि धरणारा तोंडावर पडतो.

हे सगळं खासगी आवारात, मालकाला विचारून: ओळखीच्याचा रिकामा प्लॉट, सुट्टीच्या दिवशी कंपनीचं आवार. सोसायटीचं पार्किंग नको. खांब, गुळगुळीत फरशी आणि मध्येच धावत येणारी पोरं, तिन्ही गोष्टी नवख्याच्या मुळावर येतात.

रस्त्यावर उतरायचं तर कागद आधी. मुलीकडे स्कूटरचं लायसन्स असेल तर ते नीट वाचा. ते 'विदाउट गिअर'चं असेल तर त्यावर बाइक चालवता येत नाही; 'विथ गिअर' वर्ग जोडून घ्यायला पुन्हा लर्निंग काढावं लागतं. लर्निंग ६ महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतरच देता येते. लर्निंगवर असताना मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, तोही त्या वर्गाचं चालू लायसन्स असलेला. मैत्रिणीला स्टेशनवर सोडायचं नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा: पाटी १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच. टाचणीएवढा स्टिकर म्हणजे 'एल' नव्हे. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर चालवणाऱ्याला ५००० रुपये दंड आहेच, शिवाय गाडी देणाऱ्या मालकालाही ५०००. मालक बहुधा तुम्हीच असता.

आता जुन्या सल्ल्यांचं बोलू, कारण आईबाबांची अडचण इथेच आहे. 'पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील' हे वाक्य ड्रम ब्रेकच्या आणि खडीच्या रस्त्यांच्या काळातलं आहे. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होतं, शेपूट फिरते आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त जागा घेते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. १२५ आणि त्याखालच्या बऱ्याच गाड्यांत सीबीएस असतं, म्हणजे मागचं पेडल दाबलं की थोडा पुढचाही लागतो. तेव्हा पुढचा ब्रेक शिकवायचाच, पहिल्या आठवड्यातच.

दुसरा सल्ला: उतारावर न्यूट्रल करून सोड, पेट्रोल वाचतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर बंद केला की इंधन जवळपास बंदच होतं, आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये हे दोन्ही जातं. सगळा भार ब्रेकवर.

शिकायची गाडी साधी असू दे. १००-१२५ सीसी, हलकी, दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशी. घरी १९५ किलोची क्लासिक ३५० उभी असेल तर ती उभीच राहू द्या. गिअरची रचनाही बघून घ्या. स्प्लेंडरमध्ये चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरसारख्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. एकीवर शिकून लगेच दुसरीवर बसवलं की चौथ्यातून पाचवा टाकायच्या जागी तिसरा पडतो आणि मागचं चाक घसटतं. पहिला महिना एकच गाडी.

बसण्याआधी तुम्ही पाच मिनिटं गाडीशी घालवा. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. केबल फार ताणलेली असेल तर क्लच पूर्ण बसत नाही आणि घसरतो. फार सैल असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत राहते आणि न्यूट्रल सापडत नाही. मग पोरगी स्वतःलाच दोष देत बसते. चेन मधोमध वरखाली हलवून पाहा, या वर्गाच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. सैल चेनने पहिल्या गिअरमध्ये धक्के बसतात. हवा पुढे २५, मागे २८ पीएसआयच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. लिव्हर लांब वाटत असतील तर हँडलवर सैल करून किंचित खाली फिरवता येतात. लहान हातांना याने फार फरक पडतो, आणि हे मेकॅनिक न सांगता कधी करत नाही.

पहिला दिवस इंजिन बंद ठेवून. गाडीच्या डाव्या बाजूने चालत ढकलायची, पुढच्या ब्रेकने थांबवायची. मग वर बसून डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी झुकवून बघायची. एका कोनापर्यंत गाडी दोन बोटांनी सावरते आणि त्याच्या पुढे एकदम जड होते. ती जागा अंगाला कळली की अर्धी भीती जाते.

दुसऱ्या दिवशी क्लच, आणि फक्त क्लच. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. गाडी सुरू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर. लिव्हर हळूहळू सुटत येतो. निम्म्याच्या आसपास इंजिनचा आवाज किंचित बसतो, गाडी पुढे जायला बघते. हाच हाफ क्लच. इथे हात थांबवायचा. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकायला लागते. दोन पावलं गेली की क्लच पूर्ण दाबून ब्रेक. बस, एवढंच. असं वीस-पंचवीस वेळा. सपाट जागेवर नुसत्या आयडलिंगवरही गाडी सरकते, रेस द्यावी लागत नाही, हे पुष्कळ जुन्या चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

गाडी बंद पडते ती शेवटच्या टप्प्यात. लोकांना वाटतं सुरुवातीला हात घाई करतो. खरं तर चाक फिरायला लागलं की 'झालं' असं वाटून उरलेला क्लच फटकन सोडला जातो. म्हणून गाडी हलली की मनात 'एक, दोन' मोजायचे आणि मगच बाकीचा सोडायचा. चार वेळा बंद पडली की पोरं भीतीने खूप रेस देऊन क्लच सोडतात, मग गाडी उडी मारते, उडीने मनगट मागे जातं, आणि मनगट मागे गेलं की ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. यावर उपाय मनगटाची ठेवण. मूठ धरतानाच मनगट खाली, बोटांची पेरं वर. मग मागे फेकलं गेलं तरी जास्त पिळायला जागाच उरत नाही. पाऊण तासात डावा हात दुखून येतो. तिथे थांबा, दुखऱ्या हाताने हाफ क्लच कळत नाही.

ॲक्टिव्हा चालवून आलेल्यांची एक खास गडबड आहे. स्कूटरला डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. बाइकवर घाबरल्यावर हात जुन्या सवयीने दोन्ही लिव्हर आवळतात. डावा निघाला क्लच, त्यामुळे इंजिनची पकड गेली. उजवा पुढचा ब्रेक, तोही झटक्यात. आणि मागच्या ब्रेकचा पाय फूटरेस्टवर नुसताच. हँडल तेव्हा जरा जरी वळलेलं असलं तर गाडी जागच्या जागी आडवी. मैदानातल्या बहुतेक पडझडी अशाच होतात, दहाच्या वेगात.

म्हणून ब्रेकचा सराव वेगळा घ्या. पाण्याची बाटली खूण म्हणून ठेवायची, २० च्या वेगाने यायचं, बाटलीपाशी ब्रेक सुरू. हँडल सरळ. पुढचा लिव्हर लिंबू पिळल्यासारखा, आधी हलका, मग दाब वाढवत. मागचा पायाने सोबत. क्लच अगदी शेवटी. कुठे थांबली ते पावलांनी मोजा आणि सांगा. 'नऊ पावलं, आता आठ' हे 'छान जमतंय' पेक्षा जास्त उपयोगाचं असतं. मग ३० चा वेग. एबीएस असेल तर लिव्हर किंवा पेडल थरथरतं. तेव्हा सोडायचं नाही, हे आधी सांगून ठेवा.

बोलण्याचा नियमही इथेच. चालत्या गाडीला सूचना द्यायची नाही. 'ब्रेक! ब्रेक!' ओरडलात की नेमका तोच झटका बसतो. एकच शब्द ठरवा, 'थांब', आणि तो खऱ्या धोक्यालाच. बाकीचं गाडी उभी राहिल्यावर, एका वेळी एकच गोष्ट. तीन चुका दिसल्या तर दोन गिळायच्या. आई-बाबा दोघंही आले असतील तर बोलणारं एकच. दुसऱ्याने चहाचा थर्मास सांभाळावा.

वळण आणि आठचा आकडा: आरटीओत पाय न टेकता आठ काढावा लागतो. कमी वेगात पुढच्या ब्रेकला हात नाही. हाफ क्लच, मागचा ब्रेक अगदी हलका, आणि हनुवटी जिथे जायचं तिकडे. पुढच्या चाकाकडे बघितलं की आठ मोडलाच.

पडली तर उचलायला धावू नका. आधी किल्ली बंद. गाडी उजव्या अंगावर असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा, मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, एक सीटमागच्या दांडीला, म्हणजे ग्रॅब रेलला, आणि पायांनी मागे रेटत उठायचं. वाकून पाठीने उचलली तर कंबर धरते. बऱ्याच नव्या (बीएस-६) गाड्या आडव्या झाल्या की सेन्सर इंजिन बंद करतो. किल्ली एकदा बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही. गॅरेजचा माणूस बोलावण्याआधी एवढं करून बघा. ही उचल तिला एकटीला यायला हवी, म्हणून एकदा मुद्दाम, गादीवर नाहीतर जुन्या टायरवर आडवी करून शिकवा.

हेल्मेट तुमचं जुनं देऊ नका. आतला थर्माकोल पाच-एक वर्षांत कामातून जातो, आणि माप तिचं वेगळं. भुवयांच्या जरा वरून टेपने घेर मोजा, आयएसआय खुणेचं फुल फेस घ्या. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, पट्ट्यात दोन बोटं जावीत. घोटा झाकणारे बूट, हातमोजे. ओढणी असेल तर ती बॅगेत; चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेलेली ओढणी गळ्याशी येते.

रस्ता मात्र विचारपूर्वक निवडा, आणि इथे तुम्ही मागे बसायचं, हात स्वतःच्या मांडीवर नाहीतर ग्रॅब रेलवर. नवी मुंबईत खारघरचे सेंट्रल पार्कच्या पुढचे रुंद रस्ते सकाळी लवकर बरे. कुत्र्यांवर लक्ष ठेवा, मागे लागलं तर लाथ न मारता सरळ एकाच वेगाने जायचं. पाम बीच रोड सरळ दिसतो म्हणून तिथे नेऊ नका. सरळ रस्त्यावर शिकायला काही नसतं आणि बाजूच्या मोटारी तुफान जातात. चढावर थांबून निघण्यासाठी पारसिक हिल किंवा ठाण्यात उपवनकडून येऊरला चढणारा रस्ता: उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, हाफ क्लचला आवाज बसला की थोडी रेस आणि मग ब्रेक सोडायचा. हे आल्याशिवाय माजिवड्याचा पूल नको, कारण तिथे मागे बस टेकलेली असते.

घोडबंदर रोड सर्वात शेवटी. मेट्रोचे खांब, बदलत राहणारी वळणं, खडी आणि कंटेनर. ट्रेलर डावीकडे वळताना त्याची मागची चाकं आत कापत येतात, म्हणून त्याच्या डाव्या बगलेत कधीच शिरायचं नाही. त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. सर्व्हिस रोडला उलटे येणारे रिक्षावाले गृहीत धरा. ठाण्याहून ऐरोलीला कळव्यामार्गे जायचं असेल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी भरतं, ती वाट तेव्हा सोडायची. अटल सेतूवर आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, आणि मॅप प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही.

पहिल्या पावसात पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि पुलांवरचे लोखंडी जोड साबणासारखे होतात. ते सरळ ओलांडायचे, त्यांच्यावर ना ब्रेक ना रेस. पोंचो नको, रेनकोट-पँट. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते; धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच बरीच जागा संपते, आणि ओल्यात ब्रेक लागायचा तो त्यानंतर.

ती पहिल्यांदा एकटी ऑफिसला निघेल तेव्हा पोहोचायला तुमच्या हिशेबापेक्षा वीस मिनिटं जास्त धरा, आणि त्या वेळात फोन करू नका. खिशात वाजलेला फोन नवखा माणूस चालत्या गाडीवरच काढतो. पोहोचल्यावर तिने मेसेज करायचा, तोही गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट काढल्यावर.