डिशमध्ये वाढवता ना, मग औषध का सांगत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. चवथीला माटोळी बांधताना काका विचारतात, म्हापशाच्या बाजारात शाळेतली मैत्रीण विचारते, आणि प्रश्न दरवेळी तोच: पेशंटचा कॅन्सर तुम्ही लॅबमध्ये वाढवता ना, मग सगळी औषधं त्याच्यावर घालून बघा, जे लागू पडेल ते डॉक्टरला सांगून मोकळे व्हा, घोडं अडतंय कुठे?

वेळेत अडतंय. आम्ही वाढवतो तो स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो बहुतेकांना कळतो तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. पसरलेल्या आजारात फोल्फिरिनॉक्स ही चार औषधांची केमो देतात, २०११ च्या ज्या ट्रायलने ती रूढ केली तिच्यात निम्मे पेशंट ११.१ महिन्यांच्या पुढे जगले, जेमसिटाबीन या जुन्या औषधावर ६.८. आणि सुईतून आलेल्या चिमूटभर तुकड्यापासून औषधं तपासण्याइतके ऑर्गनॉइड, म्हणजे पेशंटच्या पेशींपासून वाढवलेले इवलेसे गोळे, व्हायला आम्हाला कित्येक आठवडे लागतात. तोवर केमो थांबत नाही, थांबूही नये.

बरं, ही काही आमच्या डोक्यातली हौस नाही. २०१५ मध्ये ट्यूव्हसन आणि क्लेव्हर्स या संशोधकांच्या गटांनी दाखवलं की बायोप्सीतल्या पेशींपासूनही स्वादुपिंडाचे ऑर्गनॉइड वाढवता येतात, पुढे काही पेशंटमध्ये डिशमधला आणि शरीरातला प्रतिसाद जुळलेलाही दिसला. काही पेशंटमध्ये. हे दोन शब्द गाळूनच लोक प्रश्न विचारतात, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही ते गाळूनच बोलायचे.

रोजचं काम म्हणाल तर असं: तुकडा एन्झाइममध्ये सुटा करायचा, पेशी मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळून प्लेटवर थेंब टाकायचे. हे मॅट्रिजेल खोबरेलाच्या बरोबर उलटं, थंड असताना पातळ आणि ३७ डिग्रीला थिजतं, म्हणून पिपेटच्या टिपासुद्धा गार ठेवायच्या, लाइट गेली की जीव वर-खाली. वर मीडियम घालायचं, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, वाढीचे घटक घातलेलं, महागडं. आणि खरी गोची या मीडियममध्येच आहे, ते चांगल्या पेशींनाही तितकंच मानवतं. या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि आजूबाजूचा तंतुमय राडाच जास्त असतो, शिवाय सुई जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून आत जाते, येताना कोणाला बरोबर घेऊन येईल सांगता येत नाही.

पेडण्याकडचे एक गृहस्थ होते, सॅम्पल त्यांच्या वडिलांचं. कन्सेंटच्या वेळी समोर मी होते म्हणून केमोच्या दिवशी ते मला कॉरिडॉरमध्ये गाठायचे. एकदा मी म्हटलं, वाढतायत, छान वाढतायत. खरंच छान होते, गोल, पोकळ, पातळ भिंतीचे, मायक्रोस्कोपखालून डोळा हलू नये असे. त्यांचं तोंड उतरलं. "छान काय त्यात, बाय?" मला तेव्हा ते नीट कळलंही नाही, मी पुढच्या प्लेटच्या घाईत होते.

मग केरासचा रिपोर्ट आला. या कॅन्सरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त वेळा केरास जीनमध्ये बिघाड असतो, आमच्या त्या देखण्या गोळ्यांत तो नव्हता, दुसरे नेहमीचे बिघाडही नव्हते. म्हणजे वाढल्या त्या साध्या पेशी, गाठीतल्या मागे पडल्या. पुढच्या केमोला त्यांनी विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं, की जे वाढलं ते कॅन्सरचं नव्हतं.

"म्हणजे बाबांना ते नाहीच काय?"

नाही नाही, तसं नाही, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच आहे, आमच्या तुकड्यात फक्त... मी बराच वेळ समजावत राहिले, ते मान हलवत राहिले, आणि पुढच्या तारखेला वडिलांना घेऊन आलेच नाहीत. लॅबवाले कॅन्सर नाही म्हणतात, मग केमो कशाला, असं घरी ठरलं. डॉक्टरांचा मला फोन आला, तो इथे लिहीत नाही. केमोची एक सायकल चुकली, नंतर परत सुरू झाली. वडील पुढे वारले. चुकलेल्या सायकलने फरक पडला नसता असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले, मी ते मानते का हे त्या त्या दिवसावर असतं.

लॅबमधला सहकारी म्हणतो, फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की उपचारासाठी रिझल्ट दिला जाणार नाही. अरे पण मी रिझल्ट दिलाच कुठे? त्यांच्या वडिलांच्या पोटातला तुकडा, ते विचारतायत काय झालं त्याचं, भिंतीकडे बघत उभी राहू? पूर्वीची मी म्हणते खरं तेच सांगितलंस, आत्ताची मी म्हणते खरं ऐकलं कोणी. दोघींचं जमत नाही. आणि समजा गोळे कॅन्सरचेच निघाले असते, प्लेटवर एखादं औषध चाललंही असतं, तर ते डिशमधलं असतं, तिथे ना रक्तवाहिन्या, ना लिव्हर, ना थकलेला सत्तरीचा माणूस. त्या रिझल्टवर घरी काय ठरलं असतं?

आता रिपोर्ट येईस्तोवर मी काहीच बोलत नाही. परवा एका पेशंटच्या मुलीने विचारलं, आईचं वाढतंय काय? वाढत होतं. म्हटलं, सांगता येत नाही.

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

दुसरं, म्हटलं.