इटालियन क्रियापद कुठे तोडायचं? जोडाक्षरावर विसंबू नका

इटालियन क्रियापदं देवनागरीत लिहून पाठ करणं सोयीचं असतं, पण त्यात एक सापळा आहे. 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो'. रफार 'लो'च्या डोक्यावर बसलेला दिसतो, म्हणून आपण पा-र्लो असं तोडतो. खरी फोड पार्-लो अशी आहे.

आधी रूप कसं घडतं ते पाहू. 'बोलणे'तला 'णे' काढला की जसा धातू उरतो, तसं इथे आरे, एरे किंवा इरे काढायचं. पार्लारेतून 'पार्ल्' उरतं आणि त्याला वर्तमानकाळाचे सहा प्रत्यय लागतात: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. पुरुष आणि वचन प्रत्ययातच कळतं, त्यामुळे कर्ता बहुधा गाळतात. इरे गटातल्या कापीरेसारख्या (समजणे) बऱ्याच क्रियापदांत मध्ये 'इस्क' घुसतं: कापीस्को, कापीस्कोनो. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत मात्र ते येत नाही. तिथे कापीस्क्यामो नव्हे, काप्यामो आणि कापीते.

आता फोड. व्यंजनांची जोडी इटालियन शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकत असेल, तर ती अख्खी पुढच्या तुकड्यात जाते. 'स्क'ने आणि 'प्र'ने शब्द सुरू होतात, म्हणून का-पी-स्को, आ-प्री-रे (उघडणे). इथे आपलं जोडाक्षर बरोबर ठरतं. 'र्ल', 'न्द' यांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून पार्-लो, वेन्-दो (विकतो). द्वित्त (एकच व्यंजन लागोपाठ दोनदा) नेहमी मधोमध तुटतं: लेग्-गो (वाचतो). 'स्क'चा नियम ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा आहे, बरं का. प्रत्यक्ष उच्चारात तो 'स्' मागच्या स्वराला चिकटतो असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पार्ल्यामोचे तुकडे तीनच, पार्-ल्या-मो. 'ली-आ' असं सुटं म्हटलं की चौथा तुकडा तयार होतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं.

सगळ्यात जास्त घोटाळा 'ते बोलतात' या अनेकवचनी रूपात होतो. पार्लानोमध्ये 'ला'ला काना दिसतो, म्हणून आपण जोर तिथे देतो. जोर 'पार्'वर हवा. युक्ती सोपी आहे: एकवचनी 'पार्ला' जसं म्हणता तसंच म्हणा आणि शेवटी 'नो' हळूच टेकवा. तेलेफोना (तो फोन करतो) यात जोर 'ले'वर असतो, म्हणून ते-ले-फो-ना-नो यातही 'ले'वरच, म्हणजे शेवटून चौथ्या तुकड्यावर. पार्लाते आणि पार्ल्यामोमध्ये मात्र जोर सरकून 'ला' आणि 'ल्या'वर जातो.

भविष्यकाळात आरे गटातला 'आ' बदलून 'ए' होतो: पार्लेरो, जोर शेवटच्या 'रो'वर. तो जोर लिपीतही खूण करून दाखवावाच लागतो. खुणेविना 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो', शेवटच्या ओवर खूण दिली की 'तो बोलला'.

आणि द्वित्त गिळू नका. पार्-ले-रे-मो म्हणजे 'आम्ही बोलू'. पार्-ले-रेम्-मो म्हणजे 'जमलं असतं तर बोललो असतो' अशा अटीचं रूप. 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक ज्या कानाला कळतो, त्याला हाही कळतो; फक्त 'म्'वर क्षणभर थांबायचं.