पाहुण्यांच्या गाड्या आणि पूर्व भागातले फॅन : आमची वाटचाल

वडिलांचा सोलापुरात मंडप डेकोरेशनचा धंदा होता. लग्नसराई आणि गणपती यावर वर्ष निघायचं. मी आणि धाकट्या भावाने त्यात साऊंड, जेवण, पाहुण्यांची राहायची सोय असं एकेक वाढवत नेलं आणि मग टॉवेलवाले, युनिफॉर्मवाले यांचे बायर मीट, म्हणजे बाहेरगावच्या खरेदीदारांना बोलावून माल दाखवायचे कार्यक्रम, मिळायला लागले. आता आम्ही ११ जण आहोत, सीझनला पोरं जास्त लागतात. धंदा कसा वाढला हे सांगण्यासारखं फार नाही, सगळ्यांचा वाढतो तसाच वाढला. सांगायचंय ते फॅनचं.

एका बायर मीटला बाहेरची एक पार्टी होती, त्यांनी विचारलं की तुमच्या कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांच्या प्रवासाने किती कार्बन होतो आणि त्याची भरपाई तुम्ही कुठे करता, म्हणजे तेवढाच कार्बन दुसरीकडे कुठे कमी करता. मला काहीच सांगता आलं नाही. घरी येऊन रात्री हिशोब मांडला. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुणे-सोलापूर जाऊन-येऊन ५०० किमी, गाडीला ३० लिटर तरी लागतं, म्हणजे एका गाडीमागे ८० किलो. त्या मीटला पुण्याकडून ६० गाड्या आल्या होत्या, ४,८०० किलो झाले की! आणि हे फक्त पुण्याकडचं, विमानाने हैदराबादपर्यंत येऊन पुढे टॅक्सी करणारे वेगळेच.

भरपाई म्हणून कुठेतरी लांब झाडं लावायला पैसे देता येतात, पण मला ते पटलं नाही, कारण झाड जगलं का मेलं बघायला कोण जाणार. आपल्या गावात, रिक्षाने जाऊन बघता येईल असं काहीतरी पाहिजे होतं. आमच्या जेवणाच्या कामाला शहराच्या पूर्व भागातल्या एका बचत गटाच्या बायका येतात, त्यातल्या बऱ्याच जणी घरी विड्या वळतात. त्यांची पत्र्याची घरं मी बघितलेली होती. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो तेव्हा त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि या बायका दिवसभर तिथेच बसून असतात. ठरवलं की पाहुण्यांच्या प्रवासाचे पैसे यांच्या घरात वीज वाचवायला घालायचे.

पहिल्या वर्षी दोन चुका झाल्या. आम्ही एलईडी बल्ब वाटले आणि क्लायंटला सर्टिफिकेट दिलं की तुमचा कार्यक्रम कार्बनमुक्त झाला. ते बघून कॉलेजातल्या एका फिजिक्सच्या सरांनी मला बोलावून घेतलं आणि एवढंच विचारलं, त्या घरात आधी कुठला बल्ब होता? जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त घरात आधीच एलईडी होता, सरकारची स्वस्त बल्बची योजना २०१५ पासून चालू होती ना. मग आमच्या बल्बने वाचवलं काय? मी क्लायंटला फोन करून सर्टिफिकेट परत घेतलं, अवघड गेलं पण घेतलं. दुसरी चूक म्हणजे पत्र्यावर नुसता चुना मारला, पहिल्या मोठ्या पावसात सगळा गटारात. आता नीट स्वच्छ घासून, प्रायमर मारून छताचा पांढरा पेंट देतो. पण त्या पेंटचे किलो आम्ही धरत नाही, कारण त्या घरात एसी नाही की कूलर नाही, ऊन कमी लागलं तरी विजेचं बिल तेवढंच. बायकांना बरं वाटतं, तेवढ्यासाठीच ते करतो.

खरं काम फॅनने झालं. साधा फॅन ७५ वॉटचा, बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, हे दुकानदाराने सांगितलं होतं. पण एका अक्कांच्या घरी बसलो तेव्हा कळलं की त्या फॅन कधी फुल सोडतच नाहीत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, वारा जोरात आला की तंबाखू उडतो आणि उडालेल्या तंबाखूचं नुकसान त्यांच्याच माथी. म्हणून फॅन सकाळपासून रात्रीपर्यंत एक नंबरवर. अक्का म्हणाल्या, "अण्णा, हळू फिरतो म्हणजे बिल कमी येतंय ना?" आमच्या वायरमनने मधे वॉटमीटर लावून दाखवलं, पन्नासच्या आसपास! जुना खोक्यासारखा रेग्युलेटर जो होता त्याला हात लावला तर गरम, वाचलेली वीज त्याच्यातच तापून जात होती. बीएलडीसी एक नंबरवर लावला तर १० वॉटच्या आत. अक्का बराच वेळ त्या आकड्याकडेच बघत होत्या.

तर असा हिशोब, ४० वॉट वाचले, दिवसाला १४ तास, वर्षातले ३०० दिवस, १६८ युनिट होतात. आपल्याकडच्या एका युनिट विजेमागे ०.७ किलो धरले तर ११८ किलो. आम्ही ८० च लिहितो, कारण लाईट जाते, फॅन बिघडतो, कोणी गावाला जातं. आणि तीन वर्षंच धरतो, म्हणजे एका फॅनमागे २४० किलो, पुण्याच्या तीन गाड्या. जुना फॅन आम्ही घेऊन जातो आणि समोर तोडून भंगारात देतो, नाहीतर तो बाजारात विकला जाऊन दुसऱ्या घरात फिरणारच. भाड्याच्या घरातली बाई खोली बदलताना फॅन काढून नेते, ते आम्हाला चालतं, फक्त नवा पत्ता वहीत पाहिजे. फॅन हातात धरून फोटो काढायचा नाही हा नियम मात्र पहिल्यापासून आहे, त्यावरून एक काम हातचं गेलं तरी बदलला नाही.

गाड्या कमी करायच्या मागेही लागलो. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वंदे भारतचं तिकीट आम्हीच काढून देतो, ज्यांना ट्रेन जमत नाही त्यांना बस. पुण्याहून जाऊन-येऊन एका बसला १२५ लिटर डिझेल धरलं तर ४० जणांत माणशी ८ किलोच येतात. परवाच्या मीटला तीन बस आणि १२ गाड्या, दोन हजार किलोच्या आत आलो, म्हणजे आधीच्या ४,८०० किलोला लागणाऱ्या २० फॅनच्या जागी ९ फॅनच बसतात. हे मी क्लायंटला सांगितलं आणि सांगताना पोटात कालवत होतं कारण यादीतली ११ घरं मागे पडणार होती. ते मालक थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, कार्बनच्या कागदावर ९ च लिहा, बाकीचे ११ आमच्याकडून असेच बसवा. तसंच लिहिलं, तसंच बसवलं.

आता सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून विचारणा आलीय, तिथे पत्रा नाही, स्लॅब आहे, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आग सोडतो आणि फॅन झोपेतही चालूच. तिथले तास वेगळे, स्पीड वेगळा, म्हणून पूर्व भागाचा आकडा तिथे चालवणार नाही. वायरमन या रविवारी वॉटमीटर घेऊन पाच घरी बसणार आहे, रात्रीपण.