करंगळी हुकाबाहेर: ट्रंपेट धरण्याचा माझा अनुभव

ट्रंपेटवर फुंक लवकर लागली. हात बसायला मात्र फार वेळ गेला, आणि तो सगळा खाल्ला उजव्या करंगळीसाठीच्या त्या हुकाने. हुक दिसला की करंगळी आपसूक आत जाते आणि घोटाळा तिथेच होतो.

हा हुक वाजवताना धरायचा नाहीच. पान उलटायला किंवा म्यूट (आवाज दबवणारं बूच) बसवायला डावा हात सुटतो, तेवढ्यापुरता तो. करंगळी अडकली की वरचा सूर घेताना हात नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो. माउथपीस ओठांवर रुततो, रक्त अडतं, ओठांचा कंप मरतो. सूर जोर लावून निघतोही, पण थोड्याच वेळात ओठ बधिर होतात. शिवाय करंगळी आणि अनामिका आतून जोडलेल्या; एक अडकली की दुसरी जड होते. मग तिसरा पिस्टन, म्हणजे अनामिकेखालचं बटण, उशिरा दबतो. मोकळ्या (एकही पिस्टन न दाबलेल्या) सा वरून रे वर, म्हणजे पहिला-तिसरा एकत्र दाबताना, हे लगेच ऐकू येतं.

करंगळी हुकाच्या वर सैल टेकवा. मग उजवा हात पूर्ण काढून फक्त डाव्या हातावर मोकळा प लांबवा. ट्रंपेट झुकला तर डावी पकड चुकते आहे. मिरवणुकीत चालत शिकणाऱ्यांना हुकाचा आधार हवासा वाटतो, म्हणून पहिले काही आठवडे उभं राहूनच वाजवावं, असं माझं ठाम मत आहे.

वजन, साधारण एक किलो, सगळं डाव्या हाताचं. अनामिका तिसऱ्या स्लाइडच्या (तिसऱ्या पिस्टनच्या सरकत्या नळीच्या) कडीत, मनगट सरळ, मूठ आवळायची नाही. आवळली तर स्लाइड सरकत नाही. पहिला-तिसरा आणि तिन्ही पिस्टनचे सूर चढे लागतात, ते ही स्लाइड बाहेर काढूनच उतरतात.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तळवे घामेजतात आणि मूठ आपोआप घट्ट होते. टॉवेल आपल्याच गावचा. एक छोटा खांद्यावर ठेवा. घामाने पॉलिशही खराब होतं, म्हणून वाजवून झाल्यावर ट्रंपेट पुसा.

उजव्या अंगठ्याचं राहिलं. तो पहिल्या आणि दुसऱ्या पिस्टनच्या नळ्यांमध्ये, वरच्या नळीखाली. बोटं चेंडू धरल्यासारखी गोल, बटणावर पेराचा मऊ भाग. सपाट बोटांनी बटण तिरकं दाबलं जातं आणि पिस्टन अडकतो. लोक उगाच तेल घालत बसतात. कोपर बरगड्यांपासून वीतभर दूर.

लहान मुलांना कॉर्नेट द्या, तो ट्रंपेटचाच भाऊबंद. तो आखूड असल्याने वजन अंगाजवळ राहतं.