चिविता दी बान्योरेज्जोची वाट आणि वेळापत्रकातला एक शब्द

चिविता दी बान्योरेज्जो या मध्ययुगीन गावी जायचे तर रोमहून रेल्वेने ओर्विएतोला उतरावे लागते आणि तिथून बसने सुमारे वीस किलोमीटरवरचे बान्योरेज्जो गाठावे लागते. रेल्वेचा प्रवास सुरळीत झाला. आम्ही अडलो ते बसथांब्यावर.

तिथल्या वेळापत्रकात दहानंतरची एक बस स्पष्ट छापलेली होती. जुलैच्या उन्हात आई आणि मी पावणेदहापासून उभ्या होतो. साडेदहा वाजले, अकरा वाजले, तरी बस आली नाही. तिकीट देणाऱ्या माणसाला विचारले, तर त्याने त्याच वेळापत्रकाकडे बोट दाखवले. शेवटी थांब्यावर आलेल्या एका वृद्ध बाईंनी त्या वेळेशेजारचा बारीक अक्षरांतला शब्द वाचून दाखवला : ‘स्कोलास्तिको’. म्हणजे ही बस केवळ शाळा चालू असताना धावते, आणि इटलीतल्या शाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद असतात! पर्यटक सर्वाधिक येतात त्याच महिन्यांत न धावणारी बस ठळक अक्षरांत छापायची आणि तिची अट मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायची, याचा राग मला अजूनही येतो. पुढची बस पाऊण वाजता होती. आईचे गुडघे दुखत होते आणि बसायला सावलीत जागा नव्हती.

म्हणून जाणाऱ्यांनी आणखी दोन शब्द लक्षात ठेवावेत. ‘फेरिआले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. या मार्गावर रविवारी जाण्याचा बेत आखूच नये.

बान्योरेज्जोच्या थांब्यापासून चिविताकडे नेणाऱ्या पुलापर्यंत बरेच चालावे लागते. १९६५ साली बांधलेला, सुमारे तीनशे मीटर लांबीचा हा पूल पायी जाणाऱ्यांसाठीच आहे आणि शेवटी त्याची चढण दम काढते. आम्ही प्रत्येकी पाच युरोंचे प्रवेशतिकीट घेतले. गाव ज्वालामुखीच्या मऊ खडकावर वसले आहे, त्याखालची चिकणमाती पाण्याने झिजते आणि कडा कोसळत राहतात. १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक रहिवासी बान्योरेज्जोकडे निघून गेले. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा ज्या घरात जन्मले, तेही कड्याबरोबर कधीच खाली गेले. ती रिकामी कडा पाहताना मी बराच वेळ काहीच बोलले नाही.

बसचे तिकीट ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या दुकानात मिळते, हे आधीच सांगायला हवे होते. ही दुकाने दुपारी बंद असू शकतात, त्यामुळे परतीचे तिकीटही सकाळीच घ्यावे. परतीची वेळ मी उतरतानाच चालकाकडून कागदावर लिहून घेतली होती. त्या वेळेमुळे सान दोनातोच्या चर्चसमोरच्या चौकात आईला जेमतेम वीस मिनिटे बसता आले. सकाळची बस आली असती, तर तिला तिथे अख्खी दुपार मिळाली असती.