उलट्या बाजूची नक्षी

सोलापुरात चादर घ्यायला आलेला जाणता माणूस आधी तिची घडी उलटून पाहतो. जकार्ड मागावर विणलेल्या आमच्या चादरीला वाया गेलेली बाजू नसते. वर लाल जमिनीवर पांढरी दिसणारी नक्षी खाली पांढऱ्यावर लाल होऊन येते. ब्राउझर मात्र कोणी असा उलटून पाहत नाही, आणि म्हणूनच संकेतस्थळे बनवणाऱ्या, होटगी रस्त्यावरच्या आमच्या पाच जणांच्या कार्यालयात दुपारच्या चहाबरोबर ब्राउझरांचा वाद इतकी वर्षे टिकून आहे.

वादाची ठाणी ठरलेली आहेत. आमच्यातला सर्वांत ज्येष्ठ सहकारी २००४ साली आलेल्या पहिल्या फायरफॉक्सपासून त्याच्याशी एकनिष्ठ असून, पानावरच्या ग्रिडच्या, म्हणजे मांडणीच्या चौकटींच्या, रेषा आखून दाखवणारे त्यातले साधन इतर कोणाला साधलेले नाही, असे तो निर्वाळा दिल्यासारखे सांगतो. नव्याने आलेला मुलगा क्रोमचा. २००८ मध्ये क्रोम आला तोच मुळी टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याची रचना घेऊन. त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची सहसा शाबूत राहतात, हा त्याचा हुकमी एक्का. त्यापायी मेमरी किती खर्ची पडते, हा समोरच्याचा प्रश्नही तितकाच ठरलेला. तिसरा मायक्रोसॉफ्टच्या एजची बाजू घेतो, पण माझा संशय असा की, त्याला केवळ दोघांनाही चिडवायचे असते.

तिसऱ्याची बाजू मुळातच लंगडी आहे, कारण २०२० पासून एजच्या पोटात क्रोमचेच ब्लिंक इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर रेखाटणारा भाग, आहे. ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिन २०१३ मध्येच सोडून दिले. ब्रेव्ह आणि विवाल्डी जन्मापासून त्याच सुताचे. त्यामुळे क्रोम आणि एज यांची तुलना करणे म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चादरींच्या लेबलांवरून भांडणे होय. वेगळे सूत म्हणावे असे ठळकपणे दोनच ठिकाणी उरले आहे, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. आणि ब्लिंक हीदेखील २०१३ मध्ये वेबकिटमधून फुटलेली शाखा, तर वेबकिट हे कॉन्करर या ब्राउझरासाठी लिहिलेल्या केएचटीएमएल या इंजिनाचे अपत्य. ही भाऊबंदकी ब्राउझर पान मागताना संकेतस्थळाच्या सर्व्हरला जे ओळखपत्र पाठवतो त्यात अजून वाचता येते. क्रोम स्वतःची ओळख सांगताना आधी ‘मोझिला’ (नेटस्केप या जुन्या ब्राउझराचे टोपणनाव) म्हणतो, मग ‘ॲपलवेबकिट’, मग ‘केएचटीएमएल, लाइक गेको’, त्यानंतर कुठे स्वतःचे नाव घेतो आणि शेवटी ‘सफारी’ही जोडतो. जुन्या काळी काही सर्व्हर चांगली पाने मोझिला म्हणवणाऱ्यालाच देत, म्हणून प्रत्येक नव्या पाहुण्याने आधीच्याचे आडनाव लावून दार उघडून घेतले. लग्नात वाढप्याला नवरदेवाचे नाते सांगून पहिल्या पंगतीत बसणारी माणसे आपण पाहिलेली आहेतच.

गेल्या वर्षी एका चादर कारखानदारांचे संकेतस्थळ आम्ही केले. त्यांचा सकाळीच फोन आला, की मालाच्या तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’ असे दिसते. माझ्या संगणकावर क्रोममध्ये तारीख व्यवस्थित होती. मी म्हटले, “मालक, एकदा क्रोममध्ये उघडून बघता का?” तिकडून शांतपणे उत्तर आले, “क्रोममध्येच बघायलोय की ओ.”

त्यांच्या हातात आयफोन होता. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमलाही ॲपलच्या नियमाने आत वेबकिटच वापरावे लागते. नाव क्रोमचे, सूत सफारीचे. चूक मात्र निखळ माझी होती. प्रमाण रीतीत तारीख आणि वेळ यांच्यामध्ये ‘टी’ हे अक्षर लिहायचे असते, तेथे मी नुसती मोकळी जागा सोडली होती. प्रमाणाबाहेरच्या अशा लिखाणाचे काय करायचे हे ज्या त्या इंजिनावर सोपवलेले असते. एकाने ते समजून घेतले, दुसऱ्याने नाकारले. समजून घेणाऱ्याबद्दल मला आजवर कृतज्ञता वाटत असे, पण त्या सकाळी वाटले, की याच्या भिडस्तपणामुळे माझे अशुद्धलेखन कित्येक महिने खपून गेले. सगळ्यांच्या पोटात एकच इंजिन असते, तर ते कायमचे खपले असते. तेव्हापासून फायरफॉक्सवाल्या ज्येष्ठाला मी चहाच्या वेळी हसत नाही, उलट प्रत्येक नवे पान आधी त्याच्याकडे पाठवतो.

दुरुस्ती एका अक्षराची झाली. मालकांनी खूश होऊन एक चादर पाठवली, जी आता कार्यालयातल्या बाकावर अंथरलेली असते, आणि लाल बाजू वर ठेवायची की पांढरी, यावर सध्या दोन तट पडले आहेत. एजवाला रोज संध्याकाळी जाताना ती गुपचूप उलटून ठेवतो.