कानउशी

हेडफोन घ्यायला निघालेला माणूस काय काय विचारतो! ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, ओहम किती, वायर सुटी होते का, आणि शेवटी हळूच, ‘बेस कसा आहे?’ कानाला टेकणाऱ्या त्या दोन गुबगुबीत कड्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ती आरामाची सोय, एवढंच. पण ज्या बेसची इतकी चौकशी चाललेली असते, त्याचा बराचसा कारभार याच उशांच्या हाती असतो.

चष्मेवाल्यांना हे लगेच पटेल. बंद पाठीच्या, म्हणजे बाहेरची बाजू झाकलेल्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये थोडीशी हवा कोंडलेली असते. खर्जातले सूर या हवेला दाबत-सोडतच कानापर्यंत येतात. चष्म्याच्या काडीनं उशी जराशी उचलली गेली, की त्या फटीतून दाब निसटतो. डग्ग्याचा घुमारा जातो, उरते नुसती थाप. तबल्याची चाट मात्र जशीच्या तशी! इक्वलायझरनं बेस चढवता येतो, हे खरं. पण मान वळवली की फट बदलते आणि चढवलेला बेसही तिच्यामागे जातो.

मखमली उशांचं असंच. कापडातून हवा आरपार जाते, म्हणून बंद हेडफोनवर कातडीऐवजी मखमल चढवली की खर्ज सहसा सडपातळ होतो. वरच्या सुरांचं गणित वेगळं. तिथे कातडी आवाज परतवते, कापड आणि फोम तो थोडा पिऊन टाकतात. शिवाय उशी किती जाड, यावर ड्रायव्हर कानापासून किती दूर राहणार ते ठरतं. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तिला पाच मिलिमीटरचं काय सोयरसुतक? पण 10,000 हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. तिच्यासाठी पाच मिलिमीटर म्हणजे चांगलाच पल्ला. तंबोऱ्यात तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की सगळा नाद पालटतो, तसाच हा प्रकार.

हौशी लोकांनी यातून जे उद्योग केलेत, त्यांतला माझा सर्वांत लाडका अमेरिकेतला. सेनहायझर या जर्मन कंपनीनं 1968 साली एचडी 414 नावाचा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. त्याच्या पिवळ्याधमक फोमच्या उशा हीच त्याची ओळख. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं, की या उशा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ग्राडो कंपनीच्या हेडफोनवरही बसतात. ग्राडोचा वरचा आवाज काहींना टोचतो, तो या उशांनी मवाळ होतो. पण फोम ड्रायव्हरच्या अगदी तोंडावर आल्यानं तो फारच मवाळ होई. उपाय काय? पाव डॉलरचं नाणं उशीच्या मध्यावर ठेवायचं, भोवती पेननं गोल काढायचा आणि तेवढा फोम कापून टाकायचा. व्यास साधारण 24 मिलिमीटर. जर्मन उशी, अमेरिकन हेडफोन आणि मापाला चिल्लर! ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे सुचलं नसतं.

तसं आपल्याकडेही बरंच जमण्यासारखं आहे. उशीच्या आतल्या भोकांवर औषधाच्या दुकानातला कागदी मायक्रोपोर टेप लावा, खाली फेल्टची पातळ चकती सरकवा, किंवा मागच्या बाजूला थोडा फोम भरून उशी तिरकी करा. दर वेळी आवाज थोडा हलतो. चांगल्यासाठीच हलेल अशी हमी नाही, आणि ती कोणी दिली तर विश्वास ठेवू नका.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. एखाद्या हेडफोनची कीर्ती आपण वाचतो, ती नव्याकोऱ्या उशांची असते. सेनहायझर एचडी 600 किंवा 650 च्या उशा वापरून वापरून चपट्या होतात, ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज पालटतो, तोही इतका हळूहळू की मालकाला पत्ता लागत नाही. आपल्या दमट हवेत तर नकली कातडी मुळात टिकतच नाही. पॉलियुरेथेनचे रेणू ओलाव्यानं तुटतात आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर कानामागे, कॉलरवर काळे पापुद्रे सापडू लागतात. मग ऑनलाइन स्वस्तातल्या उशा मागवायच्या. दिसायला हुबेहूब, फोम मात्र वेगळा, भोक वेगळं, आणि म्हणून आवाजही वेगळा. मूळचा आवाज परत हवाच असेल, तर कंपनीच्याच उशा घ्याव्यात. त्यांची किंमत बघून मात्र हात आखडतो.

माझ्याकडे एकाच हेडफोनसाठी उशांच्या दोन जोड्या आहेत, कातडी आणि मखमली. मे महिन्यात कातडीखाली कान लगेच घामेजतात, म्हणून उन्हाळाभर मखमल. तबलजी दोन हात मागे सरकून बसल्यासारखे वाटतात खरे, पण घाम पुसत ऐकण्यापेक्षा ते परवडतं.